हिरव्या गाडीचं डावं चाक

स्केलबेक, यॉर्कशायर
रविवार, ३ फेब्रुवारी २०१९

प्रिय माल्कम,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू ते न उघडताच शेगडीत टाकलं नसशील, तर पुढे वाच. पत्ता आईने दिला असं समजू नकोस. तिच्या तोंडून तुझं नाव मी चाळीस वर्षांत ऐकलेलं नाही. दर नाताळला तू कॅनडाहून तिला कार्ड पाठवतोस, त्या पाकिटाच्या मागून पत्ता उतरवून घेतला. ती पाकिटं ती उघडत नाही. मला म्हणते, "टाकून दे." मी टाकायला उठले की म्हणते, "राहू दे, मी टाकीन," आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवते. एक डबा भरला, दुसरा अर्धा झालाय. हे सांगायचं ठरवलं नव्हतं, हातून लिहिलं गेलं.

मुद्द्याचं सांगते. मी गाडी घेतली. आपलीच, हिरवी एमजी.

त्या ऑगस्टनंतर गॅरेजवाल्याने तिचा सांगाडा वरच्या वाडीच्या सग्डनला विकला होता. तो ती दुरुस्त करणार होता म्हणे. सग्डन गेल्या शरदात वारला आणि त्याच्या शेताचा लिलाव झाला. यादीत मेंढ्यांची गव्हाण आणि जुनं पेरणीयंत्र यांच्यामध्ये एक ओळ होती: 'स्पोर्ट्स मोटार, १९६४, अपूर्ण.' खोटं नव्हतं ते. पुढचं डावं चाक नाही.

गावात सगळ्यांना वाटतं, शाळेतली नोकरी संपली, हाताला काम नाही, हिलरीबाईंना म्हातारपणी खूळ लागलं. मीही हसून म्हणते, "हो, तरुणपणीची हौस." सहासष्टाव्या वर्षी हौस म्हटलं की लोक पुढे काही विचारत नाहीत. पण खरं म्हणजे, बाबा गेले त्या दिवसापासून मी उघड्या गाडीत पाऊल ठेवलेलं नाही. आता तीच गाडी माझ्या शेडमध्ये उभी आहे, आणि शेडच्या दारापर्यंत जाऊन मी बहुतेक वेळा परत फिरते.

का घेतली ते मला माहीत आहे. ते लिहायचं धाडस आज होत नाही.

तुझी बहीण,
हिलरी


स्केलबेक
रविवार, २४ फेब्रुवारी

प्रिय माल्कम,

उत्तर आलं नाही. अपेक्षाही नव्हती.

गाडी तशीच आहे. 'तशीच' हा शब्द दोनदा खोडून पुन्हा लिहिला, पण तशीच आहे. सग्डनने तिला बोटही लावलं नाही. चाळीस वर्षं ती गवताच्या गठ्ठ्यांखाली होती, वर कोंबड्या बसत होत्या. तुझ्या बाजूची सीट उंदरांनी खाल्ली. बाबांच्या बाजूचं दार आत दबलंय, भिंतीला लागलं तसं. त्या बाजूने मी जात नाही. झाडायचं असलं तर लांब दांड्याचा झाडू घेते.

नॉर्मन ब्रेथवेट आठवतो? चर्चमध्ये आपल्या मागच्या बाकावर बसून भजनं बेसूर म्हणणारा. आता तो जुन्या गाड्यांच्या इथल्या मंडळाचा सर्वेसर्वा आहे. बातमी लागताच आला, टोपी मागे सरकवून गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "पोरी, हिला गाडी म्हणायचं की कोंबड्यांचं खुराडं?"

"उन्हाळ्यात चालेल का तेवढं सांग."

"उन्हाळ्यात तू चालशील का ते बघू आधी." मग वाकला. "उजव्या चाकावर पोतं कशाला टाकलंयस?"

"दमट हवा लागू नये म्हणून."

"बाकी दोन चाकांना दमट हवा चालते, आणि ह्यालाच पडसं होतं होय?"

मी चहा ठेवायला आत गेले. पोतं काढलं नाही. गाडी टेंपोवरून उतरली त्याच दिवशी मी मान वळवून, न बघता, उजव्या पुढच्या चाकावर ते टाकलं होतं. अजून तिथेच आहे.

आणखी एक गोष्ट तुला माहीत नसेल. चाळीस वर्षांवरच्या गाडीला आता वार्षिक तपासणी लागत नाही. सरकारचं म्हणणं, अशा गाड्यांचे मालक काळजी घेतात. नॉर्मनला ह्याचा केवढा अभिमान! मी मात्र ते त्याला दोनदा विचारून घेतलं. म्हणजे बघणारं दुसरं कुणीच नाही, माल. मी म्हणेन ते खरं.

हिलरी


स्केलबेक
रविवार, १७ मार्च

प्रिय माल्कम,

काल इंजिन सुरू झालं. नॉर्मनने कार्ब्युरेटर खोलून धुतले, मी प्लग बदलले, पेट्रोलची टाकी नवी घातली. तीनदा खोकली आणि मग लागली. आवाज तोच. मी शेडबाहेर पळाले. नॉर्मनला वाटलं आनंदाने. तो ओरडत होता, "ऐक, ऐक, काय गाते बघ!" आणि मी कोबीच्या वाफ्यात उभी राहून ओकत होते.

आईकडे मी दर गुरुवारी जाते. दुपारी तळलेल्या माशाची व्हॅन येते, ती दोन मासे घेते, आम्ही स्वयंपाकघरात बसून खातो. नव्वद झाली. गुडघे गेलेत, कान शाबूत आहेत, नाक तर पोलिसाच्या कुत्र्याचं. परवा माझा हात धरून हुंगला.

"पेट्रोल."

"गवत कापायचं यंत्र, आई."

"मार्चात?"

"धार लावत होते."

तिने व्हिनेगर घातलं, मासा खाल्ला, मग म्हणाली, "तुझ्या बाबांच्या हातांना असा वास यायचा." आणि माझ्याकडे बघत राहिली. माझ्या घशात काटा अडकला म्हणून मी खोकले. काटा नव्हता.

नाव तुझं ती घेत नाही, पण तू कपाटात, डब्यात, सगळीकडे आहेस. मला ह्या सहासष्टाव्या वर्षीही तिची भीती वाटते. बाबा कसे गेले ह्याच्या सरकारी चौकशीच्या दिवशी चर्चच्या दारात ती तुला म्हणाली होती, "माझ्यासमोर पुन्हा येऊ नकोस." तुझा हात गळ्यात बांधलेला होता. तू "बरं" म्हणालास, टोपी घातलीस आणि गेलास. मी तिच्या बाजूला उभी होते. तिचा हात माझ्या दंडावर होता.

हिलरी


स्केलबेक
रविवार, ७ एप्रिल

माल,

हातोडा मिळाला.

मंगळवारी पोस्टमन पार्सल घेऊन आला. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेला बाबांचा तांब्याचा हातोडा, दुसरं काही नाही. कागदाच्या घड्या तीनतीनदा उलगडून बघितल्या, चिठ्ठी नव्हती. बाहेर कस्टमच्या लेबलावर तुझ्या हाताने लिहिलेलं: 'जुनं हत्यार. किंमत काही नाही.' चाळीस वर्षांत मला आलेला तुझा पहिला मजकूर.

मला वाटायचं तो ओढ्यात गेला. तू नेलास होय. दांड्याला नवी पट्टी गुंडाळलीयस, म्हणजे वापरतोस. मग आता पाठवलास का? लागेल म्हणून, की बघ म्हणून? पाच रात्री डोळ्याला डोळा नाही. पार्सल टेबलावर आणि मी स्वयंपाकघराच्या दुसऱ्या टोकाला.

बाबांनी आपल्याला शिकवलं ते आठवतं? तू अकराचा, मी चौदाची. चाकाच्या मधोमध तो दोन कानांचा नट, त्याच्या कानावर तांब्याचा हातोडा मारायचा. तांब्याचा का, तर नटाला खड्डे पडत नाहीत. तू डावीकडे, मी उजवीकडे. दोन बाजूंचे आटे एकमेकांच्या उलट, म्हणजे गाडी पुढे पळाली की नट आपोआप आवळत जातो. आणि नटावर कोरलेला बाण, सुटायची दिशा दाखवणारा. वरून बघितलं तर तो गाडीच्या तोंडाकडे असायला हवा. "बाण पुढे बघतोय का ते बघा, मगच बूड टेकवा," असं बाबा दर रविवारी म्हणायचे. आई म्हणायची, हे काय तोंड आहे चर्चला जाणाऱ्या माणसाचं!

चौकशीत त्या साहेबांनी विचारलं, "त्या सकाळी चाकं कुणी चढवली?" मी म्हणाले, "भावाने." खरंच होतं ते. मग तुला विचारलं, "नट नीट ठोकला होतास?" तू म्हणालास, "ठोकला होता." "बाण बघितला होतास?" तू बांधलेला हात सावरलास. मग म्हणालास, "मी बघायला हवा होता." त्यांनी लिहून घेतलं, निष्काळजीपणा. हॅगच्या उतारावर चाक निघालं, गाडी भिंत फोडून ओढ्यात गेली, बाबा तिथेच गेले, शेजारी बसलेला तू हात मोडून वाचलास. तीन ओळींत सगळं मिटलं.

मला त्यांनी आणखी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर काय म्हणाले असते, हे मी स्वतःला विचारत नाही. विचारत नव्हते.

हातोडा शेडमध्ये नेऊन ठेवलाय.

हिल


स्केलबेक
रविवार, २८ एप्रिल

माल,

काल झालं ते जसं झालं तसं लिहिते.

नॉर्मन एक तारांचं चाक घेऊन आला, कुणाच्या तरी मोडीतलं. आणि खिशात नट. "आज तिला चार पायांवर उभी करू," म्हणाला. त्याने घासणीने डावा हब साफ केला, आटे तपासले, ग्रीस लावलं. हब म्हणजे ज्या दांड्यावर चाक बसतं तो भाग. मी कोपऱ्यात जुन्या डब्यांची लावालाव करत होते, डबे लावलेलेच होते.

चाक चढलं. नॉर्मनने नट टेकवला, फिरवला. धरेना. पुन्हा लावला, धरेना.

"डाव्या बाजूचाच आणलाय ना?" मी विचारलं. आवाज कुठून आला कुणास ठाऊक.

"अगं, पन्नास वर्षं हेच करतोय! डावाच आहे." त्याने चष्मा पुसला, नट उजेडात धरला. "गाडीतून दुसरा आणतो. म्हातारा झालो, डावं-उजवं कळेनासं झालं असेल."

तो गेला तेवढ्या वेळात मला वाटलं, दार लावून घ्यावं, आतून कडी घालावी. तो उजव्या बाजूचा नट घेऊन आला, गंमत म्हणूनच. लावला, आणि तो लोण्यात सुरी जावी तसा आत गेला.

नॉर्मन हसला नाही. नट काढला, पुन्हा लावून बघितला. मग उठला, गाडीला वळसा घालून पलीकडे गेला आणि पोतं उचललं.

"पोरी, इकडे ये."

मी गेले नाही. जायची गरज नव्हती.

"दोन्ही उलटे बसलेत. डाव्याचा उजव्याला, उजव्याचा डाव्याला. बाण मागे बघतोय. असं असलं की चाक फिरतं तसा नट सुटत जातो. मारा हातोडा कितीही. वीस मैल. फार तर तीस." मग त्याने टोपी काढली. आपल्या चर्चमध्येसुद्धा तो टोपी काढायला विसरतो. "म्हणजे माल्कमने ठोकला होता. पोरगा खरंच बोलला होता."

मी डबा घट्ट धरून उभी होते.

"हे हब कुणी बसवले गं?"

आणि मी, माल, मी म्हणाले, "मला आठवत नाही."

"मग त्यानेच असणार. घाई फार होती त्याला, आधीपासून." मान हलवली, टोपी घातली. "बिचारा."

तो गेल्यावर मी पोतं परत टाकलं. चाळीस वर्षांनी मी तुला दुसऱ्यांदा त्याच खड्ड्यात ढकललं. ह्या वेळी तर कुणी चौकशी करणारा साहेबही नव्हता, फक्त नॉर्मन आणि त्याचा चष्मा.

हिल


स्केलबेक
रविवार, ५ मे

माल,

हब मी बसवले.

तुला माहीत आहे. तरी माझ्या हाताने लिहायला हवं, म्हणून लिहिते.

शुक्रवार होता. तू कामावर, बाबा बागेत. बेअरिंग बदलायला दोन्ही हब तूच काढून ठेवले होतेस, बाबांच्या शिस्तीप्रमाणे दोऱ्याने पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधून, एकावर डावा, एकावर उजवा; धुऊन परत बसवायचं काम माझं. बाबांचा नियम, प्रत्येक गोष्ट वेगळ्या तबकात धुवायची. मला सहाच्या बसने कॉलिनबरोबर नाचाला जायचं होतं. मी दोन्ही एकाच तबकात रॉकेलमध्ये टाकले. चिठ्ठ्या भिजल्या, सुटल्या, शाई पसरली. दोन्ही हब दिसायला जुळे. थोडा वेळ दोन्ही हातांत एकेक घेऊन उभी होते. आटे बघितले असते तर कळलं असतं. अर्धं मिनिट लागलं असतं. तुला विचारलं असतं तरी चाललं असतं, पण मग तू म्हणाला असतास, "हिल, तुला एक काम धड होत नाही," आणि महिनाभर चिडवलं असतंस. तेवढ्यासाठी अंदाजाने लावले आणि केस धुवायला गेले. ज्याच्यासाठी ही घाई, तो नऊ वर्षांत एका दंतवैद्याच्या बायकोबरोबर निघून गेला.

रविवारी सकाळी तू चाकं चढवलीस. मी वर खिडकीत केस विंचरत होते. तू खालून ओरडलास, "हिल, बाण बघितलास ना? नट मला उलटा वाटतोय."

मी म्हणाले, "बघितला!"

बघितला नव्हता. बघायला खाली यावं लागलं असतं.

बाबा दारात सूट घालून उभे होते. ते खाली वाकणार होते, नेहमीसारखे. तुलाही आठवत असेल, एक गुडघा वाकवलाही होता. मग सरळ झाले, म्हणाले, "हिलने बघितला ना? मग चला." आणि बसले.

चौकशीत तू हे सांगितलं नाहीस. मी बाकावर बसून वाट बघत होते. आता सांगेल, आता सांगेल. घामाने माझे हातमोजे ओले झाले होते. तू म्हणालास, "मी बघायला हवा होता," आणि माझ्याकडे बघितलंसही नाही. आणि माल, मला हायसं वाटलं. हे सगळ्यात वाईट. बाबांना पुरून दोन आठवडे झाले होते, तुझा हात मोडलेला, आणि मला हायसं वाटलं.

पुरल्याच्या दुसऱ्या दिवशी बाबांची टोपी आणायला मी गॅरेजच्या आवारात गेले होते. उजवं चाक समोर होतं. बाण बघितला. एक क्षणच. मग चाळीस वर्षं स्वतःला समजावलं की नीट दिसलं नव्हतं, ऊन डोळ्यांवर होतं. गाडी घेतली ती ह्यासाठी. वाटलं होतं, माझीच आठवण खोटी निघेल.

तू का गप्प राहिलास ते मी विचारणार नाही. मला उत्तराची भीती वाटते.

येत्या गुरुवारी आईला सांगणार.

हिल


स्केलबेक
शुक्रवार, १७ मे

माल,

मागच्या गुरुवारी सांगितलं नाही. गेले, मासा खाल्ला, तिच्या नळाचं वायसर बदललं आणि परत आले. काल सांगितलं.

आधी नॉर्मनला सांगितलं, म्हणजे मागे फिरायला जागा राहू नये. त्याने ऐकून घेतलं.  म्हणाला, "चहा ठेव." कपातला शेवटचा घोट पिऊन झाल्यावर म्हणाला, "आईला सांगायचंय ना? मी बाहेर गाडीत बसतो. आत येणार नाही. पण बसतो." आणि दोन तास बसला खरा.

आईने मासे ताटलीत काढले होते. मी कोट न काढताच सुरुवात केली. रॉकेल, चिठ्ठ्या, बस, खिडकी. बाबांचा वाकलेला गुडघा सांगताना मी अडले, तर ती म्हणाली, "पुढे." मी पुढे सांगितलं. चौकशी सांगितली. नॉर्मनपाशी बोललेलं खोटंही सांगितलं.

ती खात होती. शेवटचा तुकडा संपेपर्यंत खाल्लं, काटा-सुरी सरळ ठेवली.

"तेव्हा तू किती वर्षांची होतीस?"

"सव्वीस."

"तो?"

"तेवीस."

"तेवीस," ती म्हणाली. मग तिने खिडकीबाहेर बघितलं. कुंपणापलीकडे नॉर्मनची गाडी दिसत होती. "आणि चाळीस वर्षं दर गुरुवारी तू माझ्यासमोर ह्या खुर्चीत बसून मासा खाल्लास."

"हो, आई."

"मी तुला विचारलं होतं. त्या वर्षी नाताळात. म्हटलं, हिल, आपण त्या पोराला फार तोडून बोललो का गं? तू काय म्हणालीस?"

मला आठवतच नव्हतं. देवाशपथ, माल, मी ते पार पुसून टाकलं होतं. तिने तोंड उघडलं तेव्हा आठवलं.

"तू म्हणालीस, 'राहू दे आई, त्याचं त्याला कळू दे.'"

मी रडायला लागले. तिने थांबवलं नाही, जवळही घेतलं नाही. रडून झाल्यावर म्हणाली, "ते डबे काढ खाली." मी काढले. "चष्मा दे." दिला. तिने पहिलं पाकीट घेतलं, सुरीने फोडलं. मी वाकले तशी म्हणाली, "तू वाचायची नाहीत."

मी उभी राहिले. तिने सहा-सात कार्डं वाचली. काय होतं त्यांत, मला ठाऊक नाही. 

"त्याला लिही," वर न बघता म्हणाली. "म्हणावं, आई बोलावतेय. लवकर ये म्हणावं, नव्वदीला भरवसा नाही."

"लिहिते."

"आणि हिल." आता तिने बघितलं. मी सहाव्या वर्षी फुलदाणी फोडली तेव्हाचं ते बघणं मला आठवलं. तेव्हा भीती वाटली होती ती आताच्या भीतीपुढे काहीच नव्हती. "पुढच्या गुरुवारी येऊ नकोस."

"त्याच्या पुढच्या?"

"मी सांगेपर्यंत."

मी "बरं" म्हणाले. दारात आल्यावर लक्षात आलं की तू हेच म्हणाला होतास.

तेव्हा हा निरोप, जसा दिला तसा: आई बोलावतेय. लवकर ये.

हिल


स्केलबेक
रविवार, ९ जून

माल,

आपलं बोलणं नाही, आणि आईशीही माझं बोलणं नाही, तेव्हा तू येतोयस की नाही हे मला कळायची सोय नव्हती. कळलं ते माशाच्या व्हॅनवाल्याकडून. तीन गुरुवार आईने एकच मासा घेतला. परवा त्याला म्हणाली, "पुढच्या महिन्यापासून दोन. एक मोठा दे, तो लांबून येतोय." त्याने मला बाजारात गाठून विचारलं, "तुमच्याकडे पाहुणे का?" मी म्हटलं, "हो, माझा भाऊ." भर रस्त्यात, मोठ्याने. दोन बायकांनी वळून बघितलं.

विमानतळावर मी येणार नाही. नॉर्मन येईल, टोपीवरून ओळखशील. तू असेपर्यंत मी आईच्या गल्लीत पाऊल ठेवणार नाही. तुला मला भेटायचं असेल तर घर तेच आहे. नसेल तर तेही समजेन. भीती मला दोन्हींची सारखीच वाटते.

हब बदलले. नॉर्मन आणि मी, दोन वेगळ्या तबकांत, दोन वेगळ्या दोऱ्यांच्या चिठ्ठ्या बांधून. आटे मी बोटाने तपासले, मग त्याने, मग पुन्हा मी. काल गाडी बाहेर काढली. नॉर्मनने बाजूला बसतो म्हटलं, मी नाही म्हणाले. डाव्या सीटवर मी कुणालाच बसवणार नव्हते. हॅगच्या माथ्यावर थांबून खाली उतरले. बाण बघितले. वीस पावलं चालवून पुन्हा उतरले, पुन्हा बघितले. उतारावर चार वेळा थांबले. मागे एक ट्रॅक्टरवाला हॉर्न वाजवत होता, मग दमून हसायला लागला. भिंतीचा तो तुकडा अजून नव्या दगडाचा दिसतो, माल. तिथे मी गिअर काढून टाकला. गाडी नुसतीच घरंगळत गेली, खाली पुलापर्यंत, चारही चाकांवर. पुलावर बसून मी बाबांना सगळं सांगितलं. त्यांना आधीच सांगायला हवं होतं.

गाडी आता तुझ्या नावावर केलीय, कागद पुढच्या कप्प्यात आहेत. शेडची किल्ली पावट्याच्या कुंडीखाली. तांब्याचा हातोडा तुझ्या सीटवर ठेवलाय. आईला चर्चला न्यायचं असेल तर ह्याच गाडीतून ने. तिला आवडेल, कुरकुर करील तरी.

फक्त आधी खाली वाक. चारही चाकांशी वाकून स्वतः बाण बघ, मगच आईला बसव. मी बघितलाय, असं मी लिहीत नाही.

हिल